ग्रेडची भिशी

यंदा डी घ्यायचा नंबर धवलचा होता, आणि नेमकं यंदाच नीताने संजीवला जिन्यापाशी गाठलं.

नीता पुण्याची, कंपनीच्या एचआरमध्ये. आखातातल्या लुसैलच्या ऑफिसात मराठी बोलायला माणूस मिळतो म्हणून एरवी ती संजीवशी घटकाभर गप्पा मारायची. आज तिने आवाज खाली घेतला.

"टीमला ग्रेड देताना नीट विचार कर. यंदाच्या ग्रेडवरून माणसं कमी होणार आहेत."

"म्हणजे किती?"

"मला जास्त विचारू नकोस. एवढं सांगितलं तेच फार झालं."

संजीवने पुढे विचारलंही नाही. ग्रेडवरून माणसं कमी करायची म्हटल्यावर त्यात न समजण्यासारखं काय होतं? स्टेडियमचं काम उरकत आलं होतं, वर्ल्डकप वर्षावर आला होता. आज ना उद्या गाशा गुंडाळावा लागणार हे ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कंपनीचा नियम असा, की प्रत्येक टीममध्ये एकाला ए मिळालाच पाहिजे आणि एकाला डी मिळालाच पाहिजे, मग माणसं सगळीच चांगली का असेनात. ए म्हणजे पगारवाढ आणि बोनस. डी म्हणजे ठणठणगोपाळ. हा नियम ज्याने काढला त्याने कधी चार माणसांत मिसळून काम केलेलं नसावं.

संजीवच्या टीमने त्यावर आपला तोडगा काढला होता, भिशीसारखा. डी दरवर्षी एकेकाने आळीपाळीने घ्यायचा, आणि ज्याने तो घेतला त्याला पुढच्या वर्षी ए. कोणाचं नुकसान नाही, कोणाच्या मनात अढी नाही. वरच्यांना याचा पत्ता नव्हता. गेल्या वर्षीचा डी इब्राहीमने घेतला होता, त्यामुळे यंदा ए त्याचा. डी धवलचा.

शुक्रवारी अल मन्सूरातल्या नेहमीच्या हॉटेलात संजीवने दोघांना बोलावलं. करक चहा आला. त्याने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

धवल कपाकडे बघत राहिला. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि त्याच्याच व्हिसावर बायको आणि मुलगी. मुलगी अंतरा बारावीला होती. बोर्डाची परीक्षा उन्हाळ्यात, इथल्याच शाळेतून. मध्येच उचलून नाशिकला नेली तर पोरीचं वर्ष पाण्यात.

"माझा नंबर आहे सर," धवल म्हणाला. "मलाच द्या डी. आपणच ठरवलंय ना सगळ्यांनी."

"आणि अंतराचं काय?" संजीवने विचारलं.



इब्राहीम रत्नागिरीचा, टीमचा सर्व्हेअर. बोलणं कमी, कामाला वाघ. त्याने चहा संपवला आणि कप बाजूला सारला.

"सर, माझा ए यांना देऊन टाका. डी परत माझ्या नावावर."

"वेडा आहेस का?" धवल म्हणाला. "लागोपाठ दोन वर्षं? आणि या वर्षी तर थेट घरी पाठवतील तुला."

"मी सडाफटिंग माणूस. मिरकरवाड्यात भावाची बोट हाय. माझं काय अडतंय?"

"उद्या पस्तावशील," संजीव म्हणाला.

"नाय पस्तावणार, इन्शाल्ला. यल्ला, चला आता, बिल मागवा."

धवलच्या डोळ्यांत पाणी आलं. संजीवने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ग्रेड भरायच्या दिवशी मात्र त्याचा हात अडला. डीला कारण द्यावं लागतं. 'कामात पुढाकार कमी,' असं त्याने लिहिलं, ऑगस्टच्या उकाड्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून मोजणी करणाऱ्या माणसाबद्दल. लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली. धवलसाठी त्याने भरभरून लिहिलं. त्याच्या ए ग्रेडवर कोणी बोट ठेवायला जागा राहू नये, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं.

ग्रेड मंजूर होऊन आल्या तेव्हा धवलच्या बायकोने, नुपूरने, संजीव आणि इब्राहीमला जेवायला बोलावलं. श्रीखंड होतं. इब्राहीमचं ताट रिकामं होतंय असं दिसलं की नुपूर न विचारता वाढत होती. अंतरा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यापाशी घुटमळली.

"थँक यू, काका," ती म्हणाली. "आय मीन इट."

"अभ्यास कर नीट," इब्राहीम म्हणाला.

घरी परतताना संजीवला हलकं वाटत होतं. इतकी वर्षं साहेबी केली, पण एका घराला सावरल्याचं समाधान त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. इब्राहीमचं वाईट वाटत होतंच. निदान त्याला मानाने पाठवायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं.

जानेवारीत नीताने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिचे डोळे लाल होते.

"इब्राहीमच्या मनाची तयारी आहे," संजीव बसायच्या आधीच म्हणाला. "फक्त सगळ्यांसमोर काही सांगू नका त्याला. मीच बोलतो त्याच्याशी."

"इब्राहीमला कुठे पाठवतोय आपण? तो राहतोय. डी मिळालेले सगळे राहतायत."

संजीवच्या जिवात जीव आला. तो खुर्चीत टेकला.

"म्हणजे कोणीच जात नाही?"

नीताने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"काम संपत आलंय, संजीव. ए मिळालेल्यांची वाढ आणि बोनस करारात लिहिलेला आहे, माणूस ठेवला तर द्यावाच लागतो. डीवाले जुन्याच पगारात राबतात." ती जरा थांबली. "धवलला आत पाठव."