वटीची डबी

“एचआयव्ही हे औषध कंपन्यांनी उठवलेलं भूत आहे,” विश्वंभर माइकवर खोकत खोकत सांगत होते. “पुरावा हवा? या आमच्या सौभाग्यवती. रिपोर्ट दोघांचेही पॉझिटिव्ह. पण ही फक्त माझी वटी घेते, आणि तब्येत बघा!”

मंगल कार्यालयात टाळ्या वाजल्या. कुमुदिनी सवयीने हात जोडून उभी राहिली. घरात वाद नको म्हणून ती रोज त्यांच्यासमोर वटीचीच डबी उघडायची. आत काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रांगेतली गरोदर मुलगी भीत भीत उठली. “काकू, मग मी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बंद करू? बाळाला काही होणार नाही ना?”

विश्वंभर उत्तर देणार, तेवढ्यात कुमुदिनी व्यासपीठावरून खाली उतरली. पर्समधली डबी तिने मुलीच्या तळहातावर उपडी केली. विश्वंभरांची वटी काळी, वाटाण्याएवढी. या गोळ्या पांढऱ्या आणि लांबट होत्या.

“याच ना तुझ्या?”

मुलीने होकारार्थी मान हलवली.

“मग एकही दिवस चुकवू नकोस. मी कधी चुकवत नाही.”

टाळ्या वाजल्या नाहीत. विश्वंभर मनगटावर सैल झालेलं घड्याळ नुसतं वरखाली सरकवत राहिले.

दोघं रिक्षाने घरी आले. घराचं कुलूप उघडताना त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, “तुझा तो दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?”