पस्ताना

खट्कन ट्रंकेची कडी लागली आणि दुपारची शांतता मोडली. मांडीवर झोपलेली रंजना दचकली. जमनाबाईने लेकीला थोपटलं.

"बसलं सगळं," हिलाल मास्तर म्हणाला आणि ट्रंक खाटेखाली सरकवली.

नऊ वर्षं तो शहाद्याच्या शाळेत भूगोल शिकवत होता. समुद्र त्याने फक्त नकाशावर पाहिला होता. आता दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळणार होती. मुंबईहून बोटीने मोंबासा. तिथल्या एका शाळेत त्याचा जुना वर्गमित्र होता. मग जमेल तितकी आफ्रिका, आणि परतताना नाईल. रात्री जेवताना तो ताटातल्या भाकरीवर बोटाने नद्या काढी आणि रंजना त्या खाऊन टाकी.

"मी दोन वरीसमा परत येसू," तो म्हणायचा. जमनाबाई मान हलवायची. तिच्या माहेरचा एकजण असाच सुरतेला जातो म्हणून गेला होता. अजून गेलेलाच होता.

बोट महिनाअखेरीची होती, पण भटजींनी मुहूर्त काढला तो गुरुवारचा. म्हणून गुरुवारी पस्ताना ठेवायचा ठरला. जाणाऱ्याचं एखादं वस्त्र, त्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून ते गाठोडं वाटेवरच्या कुणाच्या घरी ठेवायचं. ठेवलं की प्रवास सुरू झाला, माणूस भले घरी का असेना. निघायच्या दिवशी ते उचलायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. त्यांच्या गावाच्या, म्हसावदच्या शिवेजवळ, नंदुरबारच्या वाटेवर धनुबाईचं घर होतं. तिच्या कोनाड्यात जागा ठरली.

गाठोडं बांधायचं काम जमनाबाईचं. हिलालने आपला धुतलेला रुमाल काढून दिला होता. ती बराच वेळ तो हातात धरून बसली. मग उठली आणि जुन्या पेटीच्या तळातून दुसरा रुमाल काढला. तो भिलाचा होता, तिच्या जेठाचा. सहा वर्षांपूर्वी तापाने गेलेला हिलालचा थोरला भाऊ, तोंडावळ्याने हुबेहूब हिलालसारखा. त्याच्या वस्तूंपैकी घरात तेवढीच उरली होती.

ज्याचं वस्त्र, त्याचा प्रवास. हिलालचं वस्त्र घरातच राहिलं तर हिलालही राहील. आणि गेलेल्या माणसाला आता कुठला प्रवास? एवढाच तिचा हिशोब होता. तिने भिलाच्या रुमालाला गाठ मारली आणि गाठोडं हिलालच्या हाती दिलं.

तीन दिवस ती नीट झोपली नाही. गेलेल्याचं वस्त्र आपण वाटेला लावलं, हे मनातून जाईना. रविवारी हिलाल अंगात कोट चढवून पहाटेच बाहेर पडला. हेडमास्तरांच्या घरी रजेच्या कागदावर सही करायची आहे, म्हणाला. निघताना त्याने झोपलेल्या रंजनाच्या कपाळावरून दोनदा हात फिरवला. दुपारी जमनाबाईने मुलीला कडेवर घेतलं आणि गाठोडं परत आणायला धनुबाईकडे गेली.

कोनाडा रिकामा होता.

"मास्तर पहाटेच ली ग्यात," धनुबाई म्हणाली. "मी आवाज दिधा, पन मांगे दखं नहीं."

जमनाबाई घराकडे पळत सुटली. मुलगी कडेवर हिंदकळत होती. वळणावरून तिला ओटा दिसला. तो बसला होता. भिंतीला पाठ लावून, अंगात नुसती बंडी, मान खाली.

त्याने स्वतःच गाठोडं उचलून प्रवास मोडला होता तर. तिला रडू आलं.

"आते कोठे जावानं नहीं ना?" तिने विचारलं.

"मी आठेच शे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

त्यानंतर घर शांत झालं. तो आफ्रिकेचं नाव काढीना, की रजा रद्द करायला शाळेतही जाईना. ट्रंक खाटेखाली तशीच राहिली. दाढी वाढली. तो ओट्यावरच झोपू लागला. जमनाबाईला वाटलं, एवढं मोठं स्वप्न सोडलं, रुसवा राहणारच. ती समोर आली की तो नजर खाली घाली. दारातून आत येण्याआधी दर वेळी खाकरून थांबे, तिने पदर सावरेपर्यंत. ती मनाशी हसायची, स्वतःच्या घरात कसला पाहुण्यासारखा वागतो.

एकदा त्याने आढ्यात हात घालून एक गोफण काढली. ती तिथे आहे हे जमनाबाईला ठाऊक नव्हतं. रंजनाला त्याने पाखरं हाकायला शिकवलं. रंजना त्याच्या जवळ बसे, पण त्याला हाक मारीत नसे.

धनुबाई जाता-येता टोमणा मारी, "आफ्रिका फिरी उनात का मास्तर, का ओटावरच शे आफ्रिका?" तो वर बघत नसे. पण तो होता. संध्याकाळी दोघांचं ताट वाढताना जमनाबाईला तेवढं पुरत होतं.

दीड महिन्याने पोस्टमनने मागच्या दारी एक पाकीट दिलं. पातळ निळा कागद, वर अनोळखी तिकीट. जमनाबाई चौथी शिकलेली. चुलीपाशी बसून, रंजनाला मांडीवर घेऊन ती एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. अक्षर हिलालचं होतं.

"मोंबासा. सौ. जमनास. न सांगता निघालो, रागावू नकोस. तुझं तोंड पाहिलं असतं तर पाय निघाला नसता. पासपोर्ट कोटातच होता, म्हणून ट्रंकेसाठी फिरलो नाही. मुंबईत धर्मशाळेत थांबून बोट धरली. सुखरूप पोचलो. रंजी रडते का? घरात कुणी पुरुष माणूस नाही, दाराला कडी लावत जा."

रंजनाने कागदावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग ते उचलून ओट्याकडे केलं.

"माय, मंग तठे कोन बठेल शे?"