शेवटचा टाका

दुकानाच्या उंबऱ्यावर बसलेल्या दोघी बहिणी उठायचं नाव घेईनात, तेव्हा टेलरने पहिली थाप मारली.

शाळेसाठी जुन्या रीती आणि गोष्टी गोळा करायच्या आहेत, असं मोठी म्हणाली होती. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. धाकटीने पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं. मोठीने पत्र्याच्या डबीतून एक चिठ्ठी काढली, मुठीआड धरून वाचली आणि तुमच्या धंद्यात कुठली जुनी रीत होती, असं विचारलं.

रीत कसली डोंबलाची? चाळीस वर्षं त्याने मान खाली घालून मशीन चालवलं होतं. बोलायचं काम बायकोचं. मापं तीच घ्यायची, चिठ्ठीवर लिहायची आणि दोन टाचण्यांनी कापडाला टाचून त्याच्यापुढे टाकायची. मापांखाली गिऱ्हाइकाबद्दल एक ओळ असायचीच. ‘पोट आत घेऊन उभे राहतात, शिलाईत दोन इंच माया ठेवावी.’ ‘नवरी रडवेली आहे, गळा घट्ट नको.’ तो वाचायचा आणि मुकाट्याने कापड कापायचा. आजारपण लांबलं आणि ती गेली, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून शटर अर्धंच वर जायचं, मशीनवर चादर असायची आणि तो दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा.

“आमच्यात कपड्याला शेवटचा टाका घालत नसत,” तो म्हणाला. “आपण पुरे झालो असं कपड्याला वाटलं, की तो फाटायला मोकळा होतो.”

धाकटीने डोळे मोठे केले. मोठीने शब्दन् शब्द लिहून घेतला आणि उद्या अकराला येतो म्हणाली. टळलेली बला पुन्हा गळ्यात पडली.

दोघी रोज अकराच्या ठोक्याला यायच्या, रोज एक चिठ्ठी निघायची. टेलरची जीभ हळूहळू सैल होत गेली. पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली श्वास का रोखायचा, हे त्याने सांगितलं. मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देणारा माणूस रोज एक मिनिट चोरून बरणीत साठवायचा आणि कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की त्याला चार मिनिटं जास्तीची द्यायचा, हेही सांगितलं.

“मग काकूंना का नाही दिली?” धाकटीने विचारलं.

मोठीने तिला कोपर मारलं. टेलरने कात्रीच्या धारेवरून अंगठा फिरवला. “मला मागायचं सुचलं नाही,” तो म्हणाला. त्याच्या सगळ्या गोष्टींत तेवढंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. शटर पूर्ण वर गेलं. साडेदहापासून तो रस्त्याकडे बघायला लागला आणि आपण वाट बघतोय हे कळल्यावर स्वतःवरच चिडला.

मग एकदा मोठी बोलून गेली की या वहीचं पुस्तक होणार आहे.

झालं! पुस्तक म्हणजे गावभर. कोपऱ्यावरचा न्हावी वाचणार आणि हसून हसून लोळणार. आपलं हसं झालं तर होऊ दे, पण या पोरींना सगळ्या वर्गासमोर कुणी खोटारड्या म्हटलं तर? एवढ्या विश्वासाने लिहून घेतात बिचाऱ्या. त्या टाक्याच्या गोष्टीवर काट मार, असं त्याने दोनदा सुचवून पाहिलं. लिहिलेलं खोडायचं नसतं, असं मोठीने ठणकावून सांगितलं. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो शाळेत कबुली द्यायला निघाला.

शाळेच्या व्हरांड्यात बाकांची चळत लागली होती आणि वर्गात रंगारी भिंती घासत होते. सुट्टी लागून महिना झाला, असं कारकुनाने सांगितलं. गोष्टी गोळा करायला कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पुस्तकाचं तर नावच नको.

“कुणीतरी तुमची फिरकी घेतली, काका,” कारकून म्हणाला.

टेलर तरातरा परत आला. कानशिलं तापली होती. महिनाभर दोन चिमुरड्यांनी त्याला बनवलं होतं, आणि तो दाढी करून त्यांची वाट बघत होता. रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती. दोघी उंबऱ्यावर बसलेल्याच होत्या. त्याने हात पुढे करून वही मागितली.

वही कोरी असणार, याची त्याला खात्री होती. पण पान उलटावं तिथे त्याचीच थाप होती, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात. एकही गळलेली नव्हती.

“शाळेने नाही, मग कुणी पाठवलं तुम्हाला?”

“सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावरच सांगायचं ठरलंय,” धाकटी म्हणाली, “आणि अजून एकोणीस उरल्यात.”

मोठीने डबी त्याच्या हातावर ठेवली. आत चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. त्याने स्टूल ओढलं आणि चिठ्ठ्या एकेक करून उलटल्या; अक्षर ओळखीचं होतं. तळाशी एक चिठ्ठी घडी करून ठेवली होती, पोरींसाठी. वर मापांच्या जागी लिहिलं होतं, ‘सकाळी अकरा, रोज एक प्रश्न.’ आणि खाली नेहमीसारखी गिऱ्हाइकाबद्दलची ओळ होती:

‘गिऱ्हाईक अबोल आहे. जुनं काही ठाऊक नाही, थापा मारील. हसू नये, लिहून घ्यावं आणि उद्या परत यावं.’