एका कान्यासाठी

"मशीन थांबवा! काना राहिलाय!" हातात प्रूफ फडकवत हेमांगी तोडणकर छापखान्याचा जिना धडधड उतरली.

संगणकाच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीविरुद्धचं राज्याचं नवं विधेयक छपाईला लागलं होतं. दुपारी ते विधानसभेत मांडायचं होतं. व्यवस्थापक कर्णिकसाहेब वैतागले. "बाई, एका कान्यासाठी छपाई थांबवू? वाचणारे समजून घेतील."

"वकील नाही घेणार, साहेब!" तिनं ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, 'बनावट चित्र व आवाज वापरून'. म्हणजे दोन्ही वापरलं तरच गुन्हा! माझ्या आईला लुबाडणाऱ्यानं चित्र कुठं वापरलं? फोनवर नुसता संगणकानं माझा आवाज काढला आणि म्हणाला, आई, मला अपघात झालाय. आजही मी फोन केला की ती आधी विचारते, 'तूच ना गं?' असला माणूस या एका अक्षरावर सुटेल. मूळ मसुद्यात 'वा' आहे, 'व' नाही!"

साहेबांनी मसुदा पाहिला, प्रूफ पाहिलं आणि स्वतःच धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं. घरघर थांबली.

हेमांगीनं लाल पेनानं 'व'ला लागून एक उभी रेघ ओढली. रेघ सरळ आली. साहेबांनी चष्मा सावरून दुरुस्त केलेलं अक्षर मोठ्यानं वाचलं.

"वा!"

पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं.