उकळत्या पाण्यातली पुडी

डॉक्टरांनी सुजयच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच जागेवर बसली. आठ महिन्यांचं पोर रडलं, डोळ्यांत पाणीही आलं.

"पानी की कमी नहीं है. ओआरएस और ज़िंक चलने दीजिए." डॉक्टरांनी पोर त्याला सांभाळणाऱ्या फूलमतीच्या कडेवर दिलं. "और दस्त वाली वो दूसरी पुड़िया किसमें घोलते हैं?"

"उबलते पानी में," सुजयची आई विनया ताठ बसून म्हणाली. कौतुकाची वाट बघत.

पोराला जुलाब लागल्यापासून पाच दिवस ती घरात सगळंच उकळत होती. वाटी, चमचा, चादर. फूलमतीला काही उकळून काढता येत नव्हतं, म्हणून तिला सॅनिटायझर. पोराला घ्यायचं तर आधी हात, हा घरचा कायदा, पण फक्त फूलमतीला. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. सकाळीच विनयाने तिला बजावलं होतं, डॉक्टर हातांच्या घाणीबद्दल एक शब्द बोलले तर उद्यापासून येऊ नकोस.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उबलते में? अरे, उसमें ज़िंदा कीटाणु हैं, अच्छे वाले. बच्चे की आँत अंदर से छिली पड़ी है. हमने पहरेदार भेजे, आपके घर में वो पक गए! कौन घोलता है?"

मागच्या खेपेला विनयाने न विचारता या माणसाला सांगितलं होतं, मी सांगलीची एमएस्सी आहे.

"ये घोलती है," ती म्हणाली.

धडधडीत खोटं. पहिल्याच दिवशी फूलमती म्हणाली होती, "दीदी, डागदर साहब ठंडा करके बोले थे." आणि विनया खेकसली होती, "अब तू सिखाएगी मुझे?"

फूलमतीने विनयाकडे पाहिलं. विनयाने भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे.

"पढ़ी-लिखी मैडम घर में हैं, पूछ तो लेती!" डॉक्टर फूलमतीवर ओरडले.

"जी, गलती हो गई," फूलमती म्हणाली.

ऑटो घराकडे, छावनीकडे वळली. विनयाला माफीचे दोन शब्द हिंदीत जुळेनात. मराठीत तरी कुठे जुळत होते?

"कल... आओगी ना?"

"काहे न आएँगे? इनको ठंडे में घोलके कौन देगा?"

फूलमतीने सुजयच्या तोंडाची लाळ पदराने पुसली. पोर हसलं. विनयाने त्याला घ्यायला घाईघाईने हात पुढे केले.

फूलमती थबकली. पोराला छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताने पिशवीतली सॅनिटायझरची बाटली काढली. आवाजात टोमणा नव्हता, सवय होती.

"पहले हाथ, दीदी."

विनयाने तळवे पसरले. दोन थेंब पडले. ती चोळत राहिली, हात कोरडे झाले तरी.