राजाच्या बायकोचं नाव

कावळे होते. तेच तर डोकं फिरवणारं होतं.

बोरी नदीच्या काठावर, लिंबाच्या झाडावर चांगला घोळका बसला होता. खाली दगडावर आण्णासाहेबांच्या दहाव्याचा पिंड, शेजारी पानावर दहीभात आणि त्यांच्या आवडीची शेंगाची पोळी. कावळे एकदा पानाकडं बघत आणि मान फिरवत. एखादा खाली उतरलाच तर झाडाच्या मागं, बायका बसल्या होत्या त्या बाजूला. जरा वेळानं परत फांदीवर जाऊन चोच पुसत बसायचा.

युवराजच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्याला ऊन चटके देत होतं.

‘‘आण्णांच्या मनात काहीतरी राहिलंय,’’ रामकिसनमामा म्हणाले. ‘‘तू एकुलता एक पोरगा. तूच कबूल कर काहीतरी.’’

युवराज तेच करत होता. तुळजापूरला अभिषेक कबूल केला. नळदुर्गच्या ज्या शाळेत आण्णांचा जन्म गेला, तिला पुस्तकांचं कपाट कबूल केलं. कावळे ढिम्म. भावकीत कुजबुज सुरू झाली की पोरानं बापाचा जीव दुखावला असणार. ती त्याला ऐकू जाईल अशाच बेतानं चालली होती.

त्याला बापाचाच राग आला. आण्णांना जन्मभर एकच गोष्ट आवडली, ग्रीक लोकांच्या सिसिफस राजाची. वर्गात तास भूगोलाचा असो की गणिताचा, सिसिफस यायचाच. या राजानं मृत्यूच्या देवालाच साखळीनं बांधून ठेवलं. दुसऱ्यांदा न्यायला आले तेव्हा बायकोला बजावलं, माझे अंत्यविधी करू नकोस. मग खाली जाऊन रडला, बघा, बायकोनं माझं काहीच केलं नाही, तिला जाब विचारून येतो. देवांनी सोडलं, आणि गडी परत आला तो आलाच. पुढं देवांनी चिडून त्याला डोंगरावर धोंडा ढकलायला लावला, ते आण्णा घाईघाईत उरकायचे.

‘‘मी पण यमाला असाच गंडवणार,’’ ते म्हणायचे.

‘‘त्या राजाच्या बायकोचं नाव काय व्हतं?’’ युवराजची आई, द्वारकाबाई, दर वेळी विचारायच्या.

‘‘पुस्तकात नाही. बायकोचं काय एवढं? तू भाकरी वाढ. पहिली कावळ्यांना, दुसरी मला, हा तुझा न्यायच आहे.’’

घरातल्या सगळ्यांना हसू यायचं. आत्ता युवराजला वाटत होतं, म्हाताऱ्यानं खरंच डाव साधला.

गुरुजी घड्याळ बघून खाकरले. ‘‘दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे.’’

‘‘करा,’’ युवराज लगेच म्हणाला.

‘‘न्हाय.’’ झाडाखालून आवाज आला. द्वारकाबाई पदरात हात घेऊन बुंध्याला टेकून बसल्या होत्या. जप चालला असावा. ‘‘खरा कावळा शिवल्याबिगर म्या हितनं हलायची न्हाय.’’

चार माणसांत ही बाई कधी मोठ्यानं बोलली नव्हती. युवराज चडफडत तिच्याजवळ गेला.

‘‘आई, नीट आठव. तूच होतीस उशाशी. शेवटी काही म्हणाले का?’’

‘‘पाणी मागितलं न् गेले,’’ त्या नदीकडं बघत म्हणाल्या.

तो परत पिंडासमोर आला. ‘‘आण्णा, आता पुरे करा! काय पाहिजे ते तरी कळू द्या!’’ तो ओरडला आणि स्वतःचीच लाज वाटून खाली बसला.

मामा शेजारी टेकले. ‘‘द्वारकाला पुण्याला नेणार हाईस म्हणं?’’

‘‘मग एकटीला ठेवू इथं? तिची खोली तयार आहे. तेराव्यानंतरची तिकिटं काढलीत. ती तर नाही म्हणाली नाही.’’

‘‘व्हय तरी म्हणली का?’’

घराला कुलूप लावायचं युवराजनं ठरवलं, सामान त्यानं बांधलं, आई नुसती बघत होती. आण्णांना हे रुचलं असतं का, हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. त्यानं हात जोडले.

‘‘आण्णा, आई इथंच राहील. तुमच्या घरात. तिची इच्छा नसेल तर मी तिला नेणार नाही. शब्द देतो.’’

झाडाखाली द्वारकाबाई उठल्या. पदर सावरला आणि सावकाश नदीवर हात धुवायला गेल्या. कावळ्यांनी थोडा वेळ त्या बुंध्यापाशी वाट पाहिली. मग एक जण दगडावर आला, मान तिरकी केली आणि त्यानं पिंड फोडला.

‘‘शिवला!’’ मामा ओरडले.

युवराज ढसाढसा रडला. मेल्यावरसुद्धा आण्णांना आईची काळजी होती आणि आपण त्यांच्यावर आवाज चढवला, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

उन्हं कलल्यावर पाहुणे पांगले. त्यानं तिकिटं रद्द केली, चहा केला आणि कप घेऊन आईच्या खोलीशी आला. दार अर्धवट उघडं होतं.

द्वारकाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत भाकरीचे चार तुकडे आणि थोडे शेंगदाणे उरले होते. ते त्यांनी खिडकीबाहेर पत्र्यावर टाकले. लगेच पंख फडफडले.

मग त्या आण्णासाहेबांच्या फोटोकडं वळल्या.

‘‘रागावू नगा. पोरासंगं पुण्याला जा, एकटी राहू नगं, एवढंच मागितलं तुम्ही जाताना. न्हाय ऐकलं म्या.’’ त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. ‘‘आन् त्या राजाच्या बायकोचं नाव तुम्हाला कधी सांगता आलं न्हाय. आता द्वारका म्हणा.’’