बाही
या, जवळ बसा, एका बाहीची गोष्ट सांगतो. शिंपीमामांकडे बसचा ड्रायव्हर नवा गणवेश घालून बघायला आला. “मामा, बाही काखेत घट्ट लागते.” मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो. गेल्या सोमवारी शेजारच्या शहरातल्या दवाखान्यात मामांची बहीण शेवटचे श्वास घेत होती, आणि याने अर्धी रिकामी बस थांब्यावरून भरधाव नेली. पुढची बस तीन तासांनी आली. “हात वर कर,” मामा म्हणाले. त्याने खांद्यापर्यंत केला. “आणखी वर. सोमवारी मी थांब्यावर केला होता तेवढा.” आरशात ड्रायव्हरचा चेहरा उतरला. “उशीर झाला होता, मामा.” “मलाही झाला. आता मी सांगेपर्यंत हात खाली घेऊ नकोस.” माउलींनो, बसच्या खिडकीतून थांब्यावरचा हात दिसला, की गाडी थांबवायला लावा, आणि वाट बघत गेलेल्या त्या बहिणीला आठवा.